लोकेशन का टाकत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, फोटो मस्त! लोकेशन?"

नोव्हेंबर उजाडला की मार्चपर्यंत माझ्या पक्ष्यांच्या फोटोंवर हा प्रश्न मला सतत येतो. कुणी फोन करून विचारतं, कुणी टेकडीवर गाठून, तर कुणी नुसतंच "लोके?" असं लिहून मोकळं होतं. मी उत्तर दिलं नाही की काहींना राग येतो. "पक्षी काय तुमच्या मालकीचे आहेत का?" असंही मला एकदा ऐकवून झालंय. मालकीचे नाहीत, अगदी मान्य. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

आधी हे सांगते की बहुतेक जागा मी सांगतेच. कवडीपाटचंच घ्या. हडपसर सोडून सोलापूर रस्त्याने निघालात की लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर जुना दगडी बंधारा आहे. थंडीत तिथे ब्राह्मणी बदकं असतात, थापटे असतात, शेकाटे तर ढिगाने. हे पुण्यातल्या प्रत्येक पक्षीवेड्याला पाठ आहे, त्यात लपवण्यासारखं काय आहे? शिवाय माणसांची ये-जा तिथल्या पक्ष्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. बंधाऱ्याखाली मैलापाण्याचा फेस उसळत असतो, नवखा माणूस आल्याआल्या नाकाला रुमाल लावतो, आणि त्याच फेसाच्या कडेला पांढरा धोबी शेपूट वरखाली करत किडे टिपत हिंडतो. जलपर्णीच्या काठाकाठाने शंकर नावाचा चिमुकला पक्षी पळतो. पाठ केली तर मातकट, काही विशेष नाही. वळला की गळ्यावर लख्ख निळं आणि त्यात मधोमध तांबूस ठिपका. त्याच्यासाठी सकाळी अर्धा तास एका जागी उभं राहायची तयारी हवी, बस्स. (पक्षी आहेत म्हणजे नदी चांगली, असं मात्र समजू नका. सांडपाण्यावर किडे पोसले जातात, किड्यांवर पक्षी. नदीच्या तब्येतीचा दाखला म्हणून कवडीपाटचे फोटो दाखवणाऱ्यांशी मी दरवर्षी भांडते.)

भिगवणचंही तसंच. उजनी धरणाचं पाणी ओसरायला लागलं की कडेचा चिखल उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) चोच उलटी घालून खाणं गाळत चालतात. पाऊस दांडगा होऊन धरण तुडुंब राहिलं तर ते उशिरा येतात. मग जानेवारीत गेलेले लोक "काही नव्हतं हो तिथे" म्हणत परततात. कुंभारगाव आणि डिकसळच्या होडीवाल्यांचं हंगामाचं पोट यावर चालतं, त्यामुळे तिथली जागा सांगितल्याने भलंच होतं. तक्रार एकच आहे. थव्याजवळ गेलं की होडीवाला हळूच विचारतो, "उडवू का?" तो काही मनाने विचारत नाही, त्याच्या आधीच्या दहा गिऱ्हाइकांनी ते मागितलेलं असतं. तुम्ही नाही म्हणा, तो खुशीने थांबतो.

दुर्मिळ म्हणावेत अशातलेही कितीतरी मी लगेच कळवते. लोणावळ्याच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात अमूर ससाणे दिसले तर त्याच मिनिटाला. ते ईशान्य चीन आणि सायबेरियाकडून येऊन नागालँडमार्गे आफ्रिकेला निघालेले असतात. पुढे अख्खा अरबी समुद्र न थांबता ओलांडायचा असतो. आज आहेत, उद्या नसतील, आणि उंच घिरट्या घालणाऱ्याला तुमचा-माझा त्रास तो काय होणार? उजनीवर कांड्या करकोच्यांचा थवा उतरला तरी फोनाफोनी होते. राजस्थानात खिचनला हेच पक्षी हजारोंनी असतात, तिथला माणूस आपली धावपळ बघून हसेल. दुर्मिळ म्हणजे बऱ्याचदा एवढंच, इथे आणि आत्ता नेहमी नसणारं.

मग सांगत नाही ते काय? माळावरचं, आणि घुबडाचं.

सासवडपासून सुप्यापर्यंतचे गवताळ माळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गाडीतून बघितले असतील आणि "काहीच नाही इथे" म्हणून पुढे गेला असाल. थंडीत तिथे कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून भोवत्ये (हॅरियर, म्हणजे माळावरचे शिकारी पक्षी) येतात, आणि एखाद्या वर्षी आखूड कानांचं घुबड. हे घुबड झाडावर बसत नाही, दिवसभर गवतातच जमिनीला टेकून असतं. अंगाचा रंग वाळलेल्या कुसळीत इतका मिसळतो की दहा पावलांवर असलं तरी कळत नाही. आधी दिसतात ते डोळे. पिवळेजर्द, आणि भोवती काजळ घातल्यासारखी काळी कड.

एका हिवाळ्यात असं एक घुबड आल्याची बातमी जागेसकट फुटली. रविवारी मी गेले तेव्हा माळावर पाच गाड्या होत्या, आणि सगळ्या रस्ता सोडून गवतात. एक गाडी जवळ गेली की घुबड उठायचं आणि थोडं पुढे जाऊन बसायचं. लगेच दुसरी गाडी तिकडे. उठलं की कावळे मागे लागायचे, घार यायची. दिवस कलला की त्याची उंदीर धरायची वेळ, आणि त्या वेळेला ते दमून बसलेलं. मेंढरं घेऊन आलेले एक बाबा बांधावर उभे राहून हे बघत होते. मला म्हणाले, "ताई, ह्ये रोज हितंच बसतंय. आमच्या मेंढरांनी न्हाई उठत." आम्ही दोघं बराच वेळ काहीच बोललो नाही. पुढच्या आठवड्यात ते घुबड तिथे नव्हतं. ते का गेलं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण चाकांचे माग गवतात बरेच दिवस होते.

भोवत्यांचं तर आणखी अवघड. रात्री ते थव्याने गवतात जमिनीवरच झोपायला उतरतात. ती जागा कळली आणि संध्याकाळी दिवे लावून गाड्या घुसल्या, की एका दमात सगळे उठतात.

शृंगी घुबडाचं कारण वेगळं आहे. ते इथलंच, पण त्याचा विणीचा काळ ऐन थंडीत येतो. खाणीच्या कपारीत, ओढ्याच्या दरडीत ते अंडी घालतं. आणि दिवाळीच्या अमावास्येच्या सुमाराला जादूटोण्यासाठी घुबडं धरणारे आजही आहेत. पुरंदर तालुक्यात पिंगोरीला इला फाउंडेशन उलूक महोत्सव भरवतं, शाळकरी पोरं घुबडांची चित्रं काढतात, भीती पुष्कळ कमी झालीय. तरी घरट्याची जागा मी सख्ख्या भावालाही सांगत नाही.

फोटो टाकताना मी कडा कापते, तेही याचसाठी. मागे पुरंदर आणि वज्रगडाची जोडी दिसली, किंवा एखादा विजेचा मनोरा, की ओळखणारे बरोबर ओळखतात. मूळ फाइलमध्ये जीपीएस असतं ते निराळंच. आणि पक्षी निघून गेल्यावर फोटो टाकला तर काही बिघडत नाही, लाइक तेवढेच मिळतात.

आता माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं सांगते, कारण ते मला खोडता आलेलं नाही. ती म्हणते, "तू जागा लपवतेस, आणि दफ्तरात तो माळ पडीकच राहतो." खरंय ते. गवताळ जमीन कागदावर बहुतेकदा पडीक म्हणूनच असते. मग तिथे प्लॉटिंग होतं, सोलर येतं, नाहीतर कुणीतरी सद्‌भावनेने झाडं लावतं. वृक्षारोपणाला वाईट कोण म्हणेल? पण भोवत्याला झाडी नको असते, चिंकाऱ्यालाही नको असते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे. बाकीचा माळ वाचवायचा तर इथे काय काय येतं हे कुठेतरी लिहिलेलं लागतं. वनविभागाने कडबनवाडीला गवताळ सफारी सुरू केली, ठरलेली वाट, सोबत गावातला गाइड. ती मला आवडली ती यामुळेच. लोकांना माळ दिसतो आणि गाड्या गवतात शिरत नाहीत.

म्हणून मी असं करते: नोंद त्याच संध्याकाळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, खऱ्या जागेसकट, खऱ्या वेळेसकट. नाजूक मामला असेल तर यादी सार्वजनिक नोंदींतून झाकून ठेवायची सोय तिथे आहे, हंगाम संपला की ती उघडी करते. पक्षी ओळखायला अवघड असेल तर फोटोबरोबर चार ओळी लिहिते. भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं ओळखताना भलेभले चाचपडतात, मानेभोवतीची फिकट पट्टी आहे की नाही यावर रात्री अकरापर्यंत वाद चालतात. आणि कुणाला खरंच बघायचं असेल तर सोबत नेते. एका गाडीत चौघं, गाडी रस्त्यावर, पक्ष्याला बोलवायला रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही.

मैत्रिणीला हे अर्धवट वाटतं. यंदा मात्र एका जागेपुरतं मी तिचं ऐकलं. जेजुरीच्या बाजूला एक माळ आहे, तिथे भोवत्ये दरवर्षी उतरतात. दिवाळीनंतर गेले तर चुना मारलेले प्लॉटिंगचे दगड ओळीने रोवलेले. त्या माळाच्या आतापर्यंतच्या सगळ्या याद्या मी उघड्या केल्यात, फोटोंसकट, आणि त्यांची प्रत वनविभागाला दिलीय. ते लोकेशन हवं असेल तर मागा, लगेच पाठवते. गाडी तेवढी डांबरी रस्त्यावरच लावा.