फिजिक्ससाठी वेगळं कार्ड लागतं का? माझा अनुभव

जुने गेम अजून आवडीने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं, नवीन गेम सगळे मक्खन चालतात, पण मिरर्स एज या जुन्या गेममध्ये फिजएक्स (काच फुटणं, तुकडे उडणं असलं फिजिक्सचं गणित करणारं एनव्हिडियाचं तंत्र) ऑन ठेवून काच फुटली की गेम जागच्या जागी अडकायचा. ५० सीरिजमध्ये (५०६० त्यातलंच) ३२-बिट कुडाचा (ग्राफिक्स कार्डाकडून गणितं करून घेणारी एनव्हिडियाची सिस्टीम) सपोर्ट काढला होता, त्यामुळे त्या काळच्या ३२-बिट गेमांचं फिजएक्स ग्राफिक्स कार्डवर न चालता सगळा लोड सीपीयूवर यायचा.

२००६ मध्ये एजिया कंपनीचं फिजिक्ससाठीच वेगळं कार्ड यायचं, साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं, १२८ एमबी मेमरीचं. २००८ मध्ये एनव्हिडियाने ती कंपनीच घेतली आणि ते काम त्यांची जीफोर्स ग्राफिक्स कार्डंच करायला लागली, मग वेगळ्या कार्डाचा विषयच संपला. आणि आता मी परत तेच करायला बसलो, घरात पडून असलेलं जीटीएक्स १०५० टीआय दुसऱ्या स्लॉटला लावायचं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "भावा, एसएलआय कवाच बंद झालंय की, दोन कार्डं लावून काय करतोस?" पण हे एसएलआय (दोन कार्डांनी मिळून एकच गेम चालवणं) नाहीच, दोन कार्डं जोडणारा ब्रिज वगैरे काही लागत नाही, जुनं कार्ड फक्त फिजिक्सचं गणित करतं, चित्र नवीनच काढतं.

खरी कसरत जागेची. मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स म्हणजे छोट्या मापाचा, नवीन कार्डाच्या जाडीखाली मधला छोटा स्लॉट गेला, उरला सगळ्यात खालचा लांब. तो दिसतो एक्स१६ (१६ लेनचा), पण टॉर्च मारून आत बघितलं तर पिना एका टोकाला थोड्याच भागात, म्हणजे एक्स४, चारच लेनचा. फिजिक्सला तेवढं पुरतं. पण त्याच्याच खाली यूएसबी आणि पॉवर बटणाच्या पिना, त्या वायरी आडव्या दाबून मगच कार्ड बसलं. पॉवर केबल लागली नाही, माझं १०५० टीआय स्लॉटमधूनच ७५ वॅटमध्ये भागवतं. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सला १०५० टीआय निवडलं आणि काच फुटताना तुकडे काय सुंदर उडायला लागले, बघत बसावं असं!

पण ड्रायव्हरचं नीट बघा. १० सीरिजला (१०५० टीआय त्यातलंच) ५८० ब्रँचपर्यंतच, म्हणजे ५८० नंबरच्या ड्रायव्हरांपर्यंतच सपोर्ट आहे, आणि दोन्ही कार्डांना ड्रायव्हर एकच लागतो, म्हणजे नवीन कार्डही तिथंच अडकून बसतं. डिसेंबर २०२५ मध्ये ५९१.४४ ड्रायव्हर आला, त्यात मिरर्स एज, माफिया २, बॉर्डरलँड्स २, अर्कम सिटी अशा निवडक गेमांचं फिजएक्स ५० सीरिजवर परत चालू केलंय. माझे गेम त्या यादीत होते, मग जुनं कार्ड काढलं आणि ड्रायव्हर टाकला. तुमचा गेम यादीत आहे का ते आधी बघा, नसेल तरच दुसऱ्या कार्डाच्या मागे लागा. आणि नवीन बोर्ड घेताना फिजिक्ससाठी म्हणून जादा स्लॉटला पैसे घालू नका, तेवढ्यात एम.२ एसएसडीची एक जागा जास्त मिळते का बघा, ती रोज कामाला येते.