पेरोलमधला तो एक रकाना

मी इथे मेलबर्नमध्ये एका कंपनीत पेरोल, म्हणजे पगाराचा हिशोब, बघते हे तुम्हाला माहितीच आहे, म्हणजे दर महिन्याच्या 7 तारखेच्या आत राज्य सरकारला पेरोल टॅक्सचं (कंपनीने वाटलेल्या पगारावरचा कर) रिटर्न भरायचं आणि त्याआधी दोन दिवस डोकं धरून बसायचं. तर जानेवारी 2022 पासून त्या रिटर्नमध्ये एक नवीन रकाना आला, मेंटल हेल्थ सरचार्ज. कंपनी देशभरात मिळून वर्षाला 1 कोटी डॉलरच्या वर पगार वाटत असेल तर वरच्या रकमेवर 0.5 टक्का, आणि 10 कोटीच्या वर गेली तर त्यावर अजून 0.5. कामगाराच्या पगारातून एक पैसा कापायचा नाही, कंपनीनेच भरायचा. आमचा बॉस जाम वैतागला, आणि खरं सांगू तर मीपण मान डोलावली, म्हटलं झालं, अजून एक भुर्दंड.

हे आलं कुठून ते नंतर वाचलं. आमच्या व्हिक्टोरिया राज्याने 2019 मध्ये मानसिक आरोग्याच्या सरकारी यंत्रणेवर रॉयल कमिशन बसवलं, म्हणजे आपल्याकडच्या चौकशी आयोगासारखं. लोकांनी 3200 च्या वर निवेदनं पाठवली आणि मार्च 2021 मध्ये पाच खंडांचा रिपोर्ट विधानसभेत आला, 65 शिफारशी. आपल्याकडे आयोगाचा रिपोर्ट म्हणजे कपाटाची सोय, पण इथले तेव्हाचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डॅनियल अँड्र्यूज रिपोर्ट यायच्या आधीच बोलून बसले होते की सगळ्या शिफारशी मान्य. मग पैसा पाहिजे, म्हणून हा टॅक्स, आणि कायद्यातच लिहून टाकलंय की हा पैसा फक्त मानसिक आरोग्यावरच खर्च करायचा. रस्त्यात नाही मुरवता येत.

आता माझं. 2021 मध्ये पप्पा गेले तेव्हा कोविडमुळे इथली बॉर्डर बंद, बाहेर जायला परमिशन आणि परत यायची गॅरंटी नाही, साताऱ्यातलं सगळं मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. तेव्हा रडले, कामाला लागले, ठीक होते. दोनेक वर्षांनी मात्र झोपच उडाली, रात्री तीनला टक्क जाग, आणि ऑफिसमध्ये साधी बेरीज चुकायला लागली. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, उपचाराचा प्लॅन करून दिला, मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) वर्षाला 10 सेशन्सचे काही पैसे परत देतं, पण सायकॉलॉजिस्टची फी त्याहून बरीच जास्त, वरचे आपल्या खिशातून आणि पहिला नंबर तीन महिन्यांनी! तीन महिने काय जागीच राहू?

मग एका मैत्रिणीने 'लोकल'बद्दल सांगितलं, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी मदत करणारी सरकारी केंद्रं. कमिशनच्या शिफारशीतूनच ही केंद्रं निघालीत, वय 26 किंवा त्याच्या वर पाहिजे बस (त्याखालच्यांना हेडस्पेस नावाची वेगळी केंद्रं आहेत). जीपीची चिठ्ठी नको, मेडिकेअर कार्ड नको, फी नाही. इथे मास्टर्सला येणाऱ्या आपल्या पोरापोरींनी हे लक्षात ठेवा, तुमच्याकडे मेडिकेअर नसतं.

मला वाटलं दवाखान्याचा वास, नंबरचं टोकन वगैरे असेल. तर एक साधी खोली, किटली, बिस्किटांचा डबा, आणि समोर बसलेला माणूस म्हणाला मी डॉक्टर नाही, मी स्वतः दोनदा ऍडमिट होऊन आलोय. त्याला इथे पीअर वर्कर म्हणतात आणि ही चक्क पगारी नोकरी आहे. भिंतीवर पोस्टर होतं, आमच्याबद्दल तक्रार असेल तर कुठे करायची त्याचं. म्हणजे ज्यांची तक्रार त्यांच्याच भिंतीवर पत्ता! सप्टेंबर 2023 पासून मानसिक आरोग्याचा नवीन कायदा लागू झालाय आणि त्यात यासाठी वेगळं कमिशन नेमलंय, तक्रारी तेच ऐकतं आणि सरकार ठरलेलं काम करतंय का यावरही नजर ठेवतं.

सगळं गोड आहे असं नाही हां. अशी 50 ते 60 केंद्रं करायची असं रिपोर्टमध्ये होतं, आणि 2024 च्या बजेटमध्ये पुढची केंद्रं लांबणीवर टाकली, कारण काय तर काम करायला माणसंच मिळत नाहीत. रकाना मात्र मी दर महिन्याला भरतेच आहे.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "सरकारी आहे ना, मग तुझं नाव कुठं रजिस्टरात चढलं नाही ना?" म्हटलं चढलं की. ती गप्पच झाली. तिच्या डोक्यात अजून येरवडाच, आमच्याकडे कुणी जरा वेडंवाकडं वागलं की "येरवड्याला पाठवा" हाच शब्द. म्हटलं अगं आपल्याकडेही मानसिक आरोग्याचा 2017 चा कायदा आहे, पेशंटचे हक्क त्यात लिहिलेत, आणि 2022 पासून सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीत बोलता येतं. "मला काय धाड भरलीय," म्हणाली.

परवा व्हिडिओ कॉलवर मागे भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, कोपऱ्यात पेनाने 14416 लिहिलेलं. विचारलं तर म्हणे शेजारच्या काकूंसाठी.