व्हरांड्यातला पक्षीफलक

स्टाफरूम आणि पाण्याच्या टाकीच्या मधल्या भिंतीवर आपल्या शाळेत एक पक्षीफलक असायचा. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला निघालेला प्रत्येक जण त्याच्यासमोरूनच जायचा, त्यामुळे माझ्या वेळच्या मुलामुलींना तो नक्की आठवत असेल. मी 1999 च्या दहावीच्या बॅचचा. आपल्या गुरुजनांविषयी या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील. मी त्या फलकाविषयी आणि तो वाचणाऱ्यांविषयी लिहितो. शेतात राहणाऱ्या पोराला पक्षी पाहायला कोणी शिकवावं लागत नाही. पाहिलेलं चार जणांना सांगायचं, आणि ते असं सांगायचं की ऐकणाऱ्याला त्याच जागी जाऊन स्वतः पाहता यावं, हे मात्र मला त्या फलकाने शिकवलं.

फलक म्हणजे हिरवं कापड लावलेली प्लायवूडची पाटी आणि टाचण्यांची एक डबी. विज्ञानाच्या सरांचा नियम असा की चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: पक्षी कुठे दिसला, केव्हा दिसला, कशावर बसला होता आणि काय करत होता. नाव ठाऊक नसलं तरी चालेल, ती जागा कोरी ठेवायची. वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी ती भरेल. ‘फार सुंदर पक्षी दिसला’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी सर परत द्यायचे.

आणि खरंच, कोऱ्या जागा भरल्या जायच्या. शिपाईमामा घंटा देऊन परत येताना थांबायचे, ‘काय लिखी ऱ्हायना रे भो?’ म्हणत चिठ्ठी वाचायला लावायचे आणि वर्णन ऐकून सांगायचे की हा खाटीक, बाभळीच्या काट्याला नाकतोडे टोचून ठेवतो तो. सर्वात जास्त जागा भरल्या त्या वसतिगृहातल्या मुलांनी. धडगाव-तळोद्याकडून आलेली पावरा आणि भिल्ल मुलं वर्गात फारशी बोलायची नाहीत, पण फलकासमोर त्यांना बोलतं करावं लागत नसे. ती आपल्या बोलीतलं नाव लिहायची आणि सर त्याच्याखाली मराठी नाव लिहायचे. वर्गातल्या हुशार मुलांना त्यांच्याकडे काही विचारायला जावं लागलं, ते त्या फलकामुळे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

एक चिठ्ठी मला आजही जवळजवळ पाठ आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने तिच्या मळ्यातल्या विहिरीवरच्या सुगरणीविषयी ती लिहिली होती. नर उसाच्या पानाच्या कडेला चोचीने चीर पाडतो, चिरेचं टोक पकडतो आणि उडताना लांब पट्टी सोलून नेतो. घरटं अर्धं झालं, घंटेच्या आकाराचं झालं, की त्याला लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत डोकावते. तिला पसंत पडलं तरच पुढची नळी विणायची, नाहीतर ते घरटं तसंच टाकून दुसरं सुरू. वाऱ्याने पडलेलं एक अर्धं घरटं तिने शाळेत आणलं. आत ओल्या मातीचे वाळलेले गोळे चिकटवलेले होते. त्यांवर बोट फिरवून पाहायला आम्ही रांग लावली होती. मातीचं कारण सर्वांनी शोधावं म्हणून सरांनी चिठ्ठीखाली कोरा कागद लावला आणि तो दोन दिवसांत भरून गेला. कोणी लिहिलं, वाऱ्यात घरटं हेलकावू नये म्हणून वजन. कोणी लिहिलं, रात्री काजवे चिकटवायला. काजव्यांची गोष्ट आपल्याकडे घराघरात सांगतात, पण घरट्यात काजवा पाहिलेला एकही जण पुढे आला नाही, तेव्हा सरांनी त्या ओळीपुढे ‘पाहिलं कोणी?’ असं लिहून ठेवलं.

भोरड्यांवरून, म्हणजे गुलाबी मैनांवरून, तर पालकही फलकाच्या वाचकांत आले. दादर ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे उतरतात, आणि माळ्यावर बसून गोफण फिरवण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ते थवे वेगळे सांगायला नकोत. मी चिठ्ठीत लिहिलं की भोरड्या पार मध्य आशियातून येतात, तिकडे त्यांची वीण टोळांच्या हंगामात असते आणि टोळ हेच त्यांच्या पिलांचं अन्न, म्हणून त्या शेतकऱ्याच्या मित्र. आठवड्याने एका पालकांनी मुलाच्या हाती कागद पाठवला: ‘टोळ खातात हे मान्य. पण आमच्या दादरची कणसं कोण खातं?’ सरांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी लावल्या आणि आम्हाला शेतात पाठवलं. सकाळी थवा कणसांवर तुटून पडलेला दिसला. उन्हं चढल्यावर तोच थवा कापणी झालेल्या रानात उतरून नाकतोडे टिपत होता. पुढे फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलल्यावर भोरड्यांची तोंडं परागांनी माखलेली दिसली. हे सगळं फलकावर गेलं. त्या पालकांनी नंतर शाळेत येऊन सर्व चिठ्ठ्या उभ्यानेच वाचल्या. भोरड्यांना त्यांनी माफ केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्यांचं पीक जात होतं. पण पुढच्या वर्षी थवा पहिल्यांदा कधी उतरला ती तारीख त्यांनीच कळवली.

मी नववीत असताना आपल्या शहाद्याजवळ जे घडलं, ते तर जगभरच्या पक्षी-अभ्यासकांना ठाऊक आहे. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात पामेला रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांना रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड, दिसला. त्याआधीचा शेवटचा खात्रीचा नमुना 1884 चा, तोही आपल्याच खानदेशातून जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळा केलेला. मधल्या 113 वर्षांत हा पक्षी नामशेष झाला असंच बहुतेकांनी धरलं होतं. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेलाही नव्हता, आपण धुळे जिल्ह्यात होतो. वर्तमानपत्रातलं कात्रण सरांनी फलकाच्या मधोमध लावलं आणि वसतिगृहातली मुलं त्याच्यासमोरून हलेनात. त्यांच्या डोंगराचं नाव छापून आलेलं ती प्रथमच पाहत होती.

रानपिंगळा हा दिवसाउजेडी वावरणारा पिंगळा. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ साधं तपकिरी. नखं दणकट, पायांवर पांढरी पिसं, आणि सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उघडा बसून शेपटी डावी-उजवी हलवायची सवय. पुढे तो यावल, मेळघाट आणि इतरही काही जंगलांत सापडला. 2018 मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं. तरी त्याच्या ढोलीचे जुने साग तुटतातच, म्हणून मी त्याविषयी निर्धास्त नाही.

तो इतकी वर्षं का सापडला नाही, हे मी फार पुढे वाचलं. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या प्रसिद्ध इंग्रज संग्राहकाने लंडनच्या संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना चोरला, पुन्हा पेंढा भरून घेतला आणि त्यावर गुजरातेतल्या मांडवीची, 1914 ची चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीने नंतर शोधणाऱ्यांना चकवलं. रासमुसन यांनी ती लबाडी उघडी पाडली, मांडवी वगळली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला, तेव्हा कुठे पक्षी समोर आला. एकाने लिहिलं, एवढ्यावर विसंबून दुसरा माणूस शंभर वर्षांनी त्याच रानात जातो. सर आमच्या चिठ्ठ्या ‘कुठे’ आणि ‘केव्हा’साठी का परत करायचे, ते मला त्या दिवशी पुरतं उमजलं.

नोकरीमुळे मी आता भुसावळला असतो. हिवाळ्यात रविवारी हतनूर धरणाच्या फुगवट्यावर जातो. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं, वारकऱ्यांचे काळे थवे, सगळं वहीत त्याच पद्धतीने लिहितो आणि कॉलनीतल्या मुलांना वाचायला देतो. त्यांचे प्रश्न आले की पुढच्या रविवारी मी वेगळ्या नजरेने पाहतो. वाचणारं कोणी नसतं तर माझी वही केव्हाच थांबली असती.

फलक आता भिंतीवर नाही, व्हरांडा नवीन बांधला तेव्हा तो निघाला. 2020 पासून राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांवरून तो ठरवला आहे. या सप्ताहाआधी नवा फलक लावून द्यायची आमच्या बॅचची तयारी आहे, सोबत मुलांना हाताळता येतील अशा दोन दुर्बिणी. मुख्याध्यापकांना एकच विनंती: फलक काचेच्या कुलूपबंद कपाटात ठेवू नका, आणि टाचण्यांची डबी मुलांच्या हाताला लागेल अशी असू द्या. गावातल्या कोणालाही येऊन तो वाचता यावा. वसतिगृहातल्या मुलांच्या बोलीतल्या नावांसाठी एक रकाना आम्ही सुताराकडून आखूनच घेणार आहोत.