लाडानं 'काळ्या'?

काल संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पोरांची मॅच बघत उभा होतो आणि बॉलर रनअप घेताना मागून कोणतरी ओरडलं, "ए काळ्या, यॉर्कर टाक की रे!" सगळे हसले, तो पण हसला, आणि मला एकदम वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी आठवला. आयपीएलला सनरायझर्स हैदराबादमध्ये त्याला 'कालू' म्हणायचे, बिचाऱ्याला वाटायचं म्हणजे तगडा घोडा वगैरे, खरा अर्थ कळला तो 2020 ला. मग त्या टीममधल्या एका सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, तो म्हणे प्रेमानं म्हणत होतो, आणि सॅमीनं विषय मिटवला. मोठ्या मनाचा माणूस ओ, मी नसता मिटवला.

2021 ला सिडनीत आपल्या सिराजला प्रेक्षकांनी वर्णद्वेषी शिव्या घातल्या तेव्हा आमचा सगळा कट्टा पेटलेला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं तर टाळ्या वाजवल्या. 2019 ला पाकिस्तानच्या सरफराजनं डर्बनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फेहलुक्वायोला 'काले' म्हटलं, स्टम्पमधल्या माइकवर सापडला, चार मॅचची बंदी, तेव्हापण आम्ही खूश.

आमच्या कट्ट्यावर मात्र माइक नाही. शाळेच्या टीममध्ये माझंपण हेच नाव होतं, आणि हसायचो मीपण.