जूनमध्ये टर्की

अमेरिकेत टर्की, म्हणजे कोंबडीहून बराच मोठा तो पक्षी, वर्षभर खाल्ली जाते. डेलीच्या (तयार मांस, चीज विकणाऱ्या दुकानाच्या) काउंटरवर तिचे पातळ काप मिळतात, बर्गरसाठी खिमा मिळतो, स्टेट फेअरमध्ये, म्हणजे राज्याच्या जत्रेत, लोक भल्यामोठ्या भाजलेल्या तंगड्या हातात धरून फिरत असतात. अख्ख्या टर्कीवर मात्र थँक्सगिव्हिंग या सणाची मक्तेदारी. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार (१९४१ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून तो पक्का केला) आणि फार तर ख्रिसमस. एरवी कुणी अख्खा पक्षी घरी आणत नाही. टर्कीवाल्यांनी जून हा ‘टर्की लव्हर्स मंथ’ म्हणून चालवायचा प्रयत्न केला आहे, पण तो साजरा करणारं कुणी मला तरी अजून भेटलेलं नाही.

आम्ही जूनमध्ये टर्की केली ती फ्रीझरमध्ये जागा हवी होती म्हणून. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास दुकानं फ्रोझन टर्की पडेल भावात काढतात, कधी पौंडाला एका डॉलरच्याही खाली. गिऱ्हाईक त्या निमित्ताने आत आलं की बाकीचं सामान पुऱ्या भावाने घेतंच, हा हिशेब. तेव्हा बारा पौंडांची एक जास्तीची घेऊन ठेवली होती. सतत कडक गोठलेली राहिली तर टर्की बिघडत नाही, पण चव टिकवायची तर वर्षाच्या आत संपवावी. उन्हाळ्यात विकत घ्यायला गेलात तरी बहुतेक ठिकाणी फ्रोझनच मिळेल. ताज्या टर्क्यांचं सगळं गणित नोव्हेंबर धरून बसवलेलं असतं.

“कोण येणारे जेवायला?” नवऱ्याने विचारलं. कोणीच येणार नव्हतं. म्हणजे टर्की अख्खी भाजायची काही गरजच नव्हती.

टर्की कोरडी होते, चोथा लागते, अशी तिची जी बदनामी आहे, तिचं मूळ तिला अख्खी टेबलावर आणण्याच्या हट्टात आहे. छातीचं मांस पांढरं, त्यात चरबी जवळजवळ नाही. ते १६५ फॅरनहाइटला (७४ सेल्सिअस) पोचलं की खायला सुरक्षित होतं, आणि त्याच्या फार पुढे गेलं की सुकायला लागतं. तंगडीचं मांस काळपट, शिरा आणि कोलॅजन (स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) भरपूर. तेही १६५ला सुरक्षितच असतं, पण चिवट. १७५-१८०च्या पुढे आणि निवांत वेळ मिळाला की कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि मग ते सुटसुटीत, रसाळ लागतं. दोघांना एकाच भांड्यात एकाच वेळी बाहेर काढायचं ठरवलं की छाती तंगडीची वाट बघत बसते आणि वाळते. सणाच्या दिवशी फोटोसाठी हे सगळं सोसायचं. जूनमध्ये कशाला?

आधी बर्फ वितळवायचा. फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस धरायचा, म्हणजे बारा पौंडांना तीन दिवस. ओट्यावर ठेवून द्यायचा मोह उन्हाळ्यात तर अजिबात नको. आतला गाभा दगड असतानाच बाहेरचं मांस ४० फॅरनहाइटच्या वर जातं आणि तिथून १४०पर्यंत जंतूंची चंगळ. घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात बुडवून, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, पौंडाला अर्धा तास. हा उद्योग बारा पौंडांना सहा तास चालतो, त्यापेक्षा फ्रिज बरा. खाली काठाचा ट्रे मात्र हवाच, कारण गुलाबी पाणी सुटतं आणि ते खालच्या कोथिंबिरीवर गेलं तर कोथिंबीर टाकून द्यावी लागते.

आता एक गोष्ट आपल्याकडच्या कुणालाही पटत नाही: धुवायची नाही. मटण-चिकन चार पाण्यांनी धुण्यात आपलं आयुष्य गेलं. पण अमेरिकेचं कृषी खातं स्पष्ट सांगतं की कच्चा पक्षी नळाखाली धरला की पाण्याचे शिंतोडे सिंक, ओटा, शेजारचे कप असं सगळीकडे उडतात आणि जंतूही त्यांच्याबरोबर जातात. शिजवल्यावर ते मरतातच. मी पेपर टॉवेलने टिपून घेते. पोटात आणि मानेच्या पोकळीत हात घालून मान आणि कलेजी वगैरेची पुडी बाहेर काढायची.

मग कापणी, माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात मजेचा भाग. तंगडी बाहेरच्या बाजूला ओढून मधली कातडी चिरायची. मांडी उलट्या बाजूला वाकवली की खुब्याचा सांधा ‘खट्’ करून बाहेर येतो, पांढरा, चकचकीत गोळा दिसतो. सुरी त्याच्या कडेकडेने फिरवायची, हाडावर जोर लावायचाच नाही. सुरी अडली तर जागा चुकली असं समजून अर्धा इंच सरकवायची. पंखही तसेच. पाठीचा कणा मात्र चिकनसारखा कात्रीला सहज दाद देत नाही. जाडजूड पोल्ट्री कात्री घेऊन दोन्ही बाजूंच्या फासळ्या एकेक करत कापाव्या लागतात, आणि शेवटच्या दोन-तीन फासळ्यांना नवऱ्याला बोलवावं लागतं. शेवटी हाती राहते ती हाडासकट छाती, दोन तंगड्या मांड्यांसकट, आणि स्टॉकसाठी (हाडं उकळून काढलेल्या पाण्यासाठी) पंख, कणा, मान.

मिठाआधी वेष्टनावरचं लेबल वाचावं. बऱ्याच फ्रोझन टर्क्यांत मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि ते वजनाच्या किती टक्के आहे हे छापलेलं असतं. तसं असेल तर वरून मीठ जवळजवळ नको. माझी बिनटोचलेली होती, म्हणून दर पाच पौंडांना साधारण एक टेबलस्पून कोशर (जाड दाण्याचं) मीठ चोळलं. बारीक मीठ असेल तर अर्धंच, कारण चमच्यात ते जास्त मावतं. सोबत मिरपूड आणि थाइम. रॅकवर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये, उघडीच. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं, आणि मग ते पाणी पुन्हा आत मुरतं. मांसातली प्रथिनं सैल होऊन शिजताना पाणी धरून ठेवतात. कातडी तेवढ्यात कागदासारखी सुकते, म्हणून नंतर कुरकुरीत होते. बादलीभर मिठाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत मला कधीच आवडली नाही. फ्रिजमध्ये बादली ठेवायची कुठे?

तंगड्या आदल्या दिवशीच करून ठेवता येतात, आणि तशा केलेल्या जास्त चांगल्या लागतात. जाड बुडाच्या भांड्यात कातडीकडून लाल करून घेतल्या, त्याच चरबीत कांदा, सेलरी, गाजर, थोडी व्हाइट वाइन, अर्ध्या उंचीपर्यंत स्टॉक, झाकण, आणि ओव्हनमध्ये ३२५ फॅरनहाइटवर दोनेक तास. काटा खुपसून फिरवला की मांस हाडापासून सरकलं पाहिजे. तंगडीत लांब, ताठ, काड्यांसारखे स्नायुबंध असतात; मांस गरम असतानाच ते चिमट्याने ओढून काढावेत, गार झाल्यावर हट्ट करतात.

छाती अंगणातल्या गॅस ग्रिलवर. बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर उकाडा असताना घरातला ओव्हन आणखी तास-दीड तास चालवायचा आणि त्यासाठी एसीला राबवायचं, हे मला बघवत नाही. दोन्ही कडेचे बर्नर चालू, मधला बंद, टर्की मध्ये, खाली रस झेलायला फॉइलचा ट्रे, झाकण बंद, आतलं तापमान ३५०च्या आसपास. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायचं नाही. थर्मामीटरची तार छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता घालून ठेवायची. हाडाला टेकली की आकडा खोटा येतो. काही टर्क्यांत प्लॅस्टिकची खुंटी खोचलेली असते, ती शिजल्यावर ‘टक्’ करून वर येते म्हणे. ती वर येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून तिच्याकडे मी बघतच नाही. दीड तासाच्या आसपास आकडा १६०ला आला तेव्हा खाली काढून फॉइल सैलसं टाकलं. आतल्या उष्णतेने तो चढत राहतो. थर्मामीटर १६५ दाखवेपर्यंत सुरी लावायची नाही, आणि त्यानंतरही पंधरा मिनिटं थांबायचं.

कापताना आधी छातीचा एकेक अख्खा भाग हाडावरून सोडवायचा आणि मग आडवे काप काढायचे, म्हणजे प्रत्येक कापाला कातडीची किनार येते. काप ओलसर होते, ग्रेव्हीची आठवणही झाली नाही. तंगडीच्या भांड्यातला रस आटवून वरून घातला. सोबत कणीस आणि टोमॅटोची कोशिंबीर. क्रॅनबेरी सॉस, मॅश्ड पोटॅटो, स्टफिंग यातलं काही केलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मसाल्यात घोळवायची का, असं मैत्रिणी विचारतात. घोळवा, पण इतका मसाला असेल तर चिकन काय वाईट?

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं. त्यापुढचं फ्रीझरमध्ये, काप स्टॉकमध्ये बुडवूनच, नाहीतर सुकतात. पंख, कणा, मान आणि छातीचं हाड मंद आचेवर तीन-चार तास ठेवून स्टॉक काढला; गार झाल्यावर तो थरथरणारी जेली झाला. कलेजी त्यात घालू नका, कडवट होतो. आणि पुढच्या नोव्हेंबरात जास्तीची घेणार असाल तर बारा पौंडांच्या वर जाऊ नका: मोठ्या टर्कीच्या फासळ्या घरगुती कात्रीला आवरत नाहीत.