पंखा एकवर आला की

परवा रात्री अडीचच्या सुमाराला जाग आली. पायाशी घडी करून ठेवलेली चादर ओढून घेतली, तरी अंगावर शिरशिरी होतीच. शेवटी उठलो आणि पंखा तीनवरून एकवर केला. रेग्युलेटरचा तो खट-खट आवाज ऐकला आणि अंधारातच बरं वाटलं. आला शरद.

आमच्या इंदूरला हा ऋतू दिवसा कळत नाही. दुपारचं ऊन असं चावतं की स्कूटरच्या सीटवर बसवत नाही. शेजारचे लोक त्याला 'क्वार की धूप' म्हणतात (क्वार म्हणजे आश्विन), या उन्हात हरीणसुद्धा काळं पडतं म्हणे. पण सूर्य मावळू दे, तासाभरात ओटा गार पडतो. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, पाऊस परतलेला, आकाश धुतल्यासारखं. दिवसभराची ऊब अडवायला वर ढगच नसतात, त्यामुळे ती भराभर निघून जाते. सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची, असं आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. 'शब-ए-मालवा' म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं आश्विनात जेवण झाल्यावर आमच्या लोकमान्य नगरात फक्त एक चक्कर मारावी. कुणाच्या तरी कुंपणावरून प्राजक्ताचा वास येतो आणि पाय आपोआप हळू पडायला लागतात.

मी कर सल्लागार आहे. हे सांगायचं कारण असं, की माझं सगळ्यात जास्त काम नेमकं याच दिवसांत असतं. ऑडिट रिपोर्टची मुदत ३० सप्टेंबर, त्यानंतर ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची ३१ ऑक्टोबर, आणि मुदत वाढली तर ताण आणखी लांबतो. म्हणजे पितृपक्ष, नवरात्र, दसरा, कोजागरी, सगळं फायलींच्या ढिगाआडून बघायचं. कित्येक वर्षं मी तसंच बघितलं.

लहानपणी मात्र या दिवसांत आमच्याकडे एक मोठं काम असायचं आणि ते माझ्यावर सोपवलेलं होतं: शेण आणणे. आम्ही तेव्हा रामबागेत राहायचो. पितृपक्ष लागला की माझी धाकटी बहीण आणि शेजारच्या माळवी घरातल्या दोघी-तिघी मिळून भिंतीवर संजा मांडायच्या. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत रोज संध्याकाळी नवीन आकृती. मुलींचं व्रत, त्यामुळे मुलग्यांनी भिंतीला हात लावायचा नाही. पण गवळ्याकडून शेण आणणं आणि फुलं गोळा करणं हे आमचं.

त्या शेणाचीही पारख होती. पातळ चालत नसे, ओघळ येतात. फार घट्टही नको, भिंतीवरून खपली सुटते. मुली त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि भिंतीवर चिकटवत रेघ काढायच्या. आणि ती ओली आहे तोवरच वर पाकळ्या दाबायच्या: तेरडा (इथे त्याला गुलतेवडी म्हणतात), कण्हेर, चांदणी. पाकळीचं टोक शेणात रुतवून बाकीची मोकळी ठेवायची. अंगठ्यानं दाबलं तर पाकळी चुरगळते, म्हणून करंगळीनं. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी. शेवटी शेवटी तर किलाकोट, म्हणजे अख्खा किल्लाच, आणि त्याच्या आत चंद्र, सूर्य, शिडी, बैलगाडी, काय वाटेल ते. मग आरती, गाणी आणि प्रसाद. अमावस्येला सगळं भिंतीवरून उतरवून वाहत्या पाण्यात सोडायचं. भिंतीवर नुसते हिरवट डाग उरायचे, त्याकडे बघून बहीण दरवर्षी रडायची.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि त्याच अंगणात पाटावर हत्ती काढून भोंडला. कालपर्यंत माळवीत संजेची गाणी म्हणणाऱ्या शेजारच्या मुली आज फेर धरून मराठीत गात. अर्थ विचारत नसत. खिरापत ओळखताना त्याच सगळ्यात पुढे, कारण आमच्या स्वयंपाकघरातून वास त्यांच्या खिडकीतच जायचा. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना संजा माहीत नव्हती आणि इंदूरच्या बाकीच्या लोकांना भोंडला माहीत नव्हता. आम्हाला दोन्ही मिळालं. मला हे फार मोठं भाग्य वाटतं.

आता आमच्या घराच्या भिंतीला टाइल्स आहेत. तीन वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं शाळेसाठी संजा करायची म्हणून पुठ्ठा आणला. शेण कुठून आणायचं असा प्रश्न पडला, तेव्हा मीच उठलो. सुदामा नगरच्या पलीकडे एक गोठा आहे, तिथे पिशवी घेऊन गेलो. गवळ्यानं विचारलं, "संजा के लिए?" मी हो म्हटल्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दरवर्षी जातो. करंगळीची युक्ती लेकीला मीच शिकवली, लांबूनच, भिंतीला... म्हणजे पुठ्ठ्याला हात न लावता.

दसऱ्याचं फार सांगत नाही. आमच्याकडे सोनं म्हणजे शमीची पानं, बारीक बारीक. संध्याकाळी शर्टाच्या खिशात भरतात आणि पुढचे आठ दिवस धुण्यात सापडत राहतात.

भुट्ट्याच्या किसाचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्याची वेळ आता संपत आलेली असते. आश्विनात मिळतात ती शेवटची चांगली कणसं, त्यानंतर दाणा जून होतो. आई बाजारात अजून नख लावून बघते. दाण्यातून पांढरं दूध उडालं तर घ्यायचं, नाही तर पुढच्या गाडीवर. कणीस किसणीवरच किसायचं. मिक्सरमध्ये फिरवलं की दाण्याची सालंसुद्धा त्यात जातात; किसणीवर मात्र साल कणसालाच राहतं आणि खाली नुसता मऊ गर पडतो. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, मग कीस घालून हलवत राहायचं. आधी तो गोळा होतो, खाली लागतो, वाटतं बिघडलं. तेवढ्यात दूध घालायचं आणि मंद आचेवर झाकायचं. दहा मिनिटांनी झाकण काढलं की कडेनं तूप सुटलेलं असतं. वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. सराफ्यात मिळतो तोही छानच असतो. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांसमोर उभं राहून रात्री अकराला गरम द्रोण हातात घेण्यात एक वेगळी मजा आहेच. पण माझं मत विचाराल तर कीस घरचा, आणि गराडू सराफ्याचा. गराडू हा एक कंद, दिवाळीच्या सुमाराला येतात. कापताना हाताला खाज सुटते, दोनदा तळायला लागतात, आणि तो मसाला घरी काही केल्या जमत नाही.

तर कोजागरी.

आमच्या घरी कोजागरीला दोन गोष्टी असतात. एक दूध, ते मी आटवतो. आणि दुसरी, आई मला ओवाळते. आश्विनी म्हणतात तिला, घरातल्या ज्येष्ठ अपत्याला या पौर्णिमेला ओवाळायचं. मी एक्कावन्न वर्षांचा आहे, आई अठ्ठ्याहत्तरची. अजून पाट मांडते, नवा रुमाल किंवा सदरा देते, सुपारी आणि अंगठी ओवाळून मग निरांजन ओवाळते.

सात-आठ वर्षांपूर्वी मुदत वाढली होती आणि नेमकी कोजागरीच्या सुमाराला संपत होती. त्या रात्री मी ऑफिसातच होतो. घरी फोन करून "तुम्ही दूध पिऊन घ्या" असं सांगितलं आणि विसरून गेलो. एक वाजता घरी आलो तर गच्चीच्या जिन्यातला दिवा चालू. वर गेलो. आई खुर्चीत बसून होती, अंगावर शाल, शेजारी स्टुलावर तबक. निरांजनातलं तूप संपलं होतं. तिनं काहीच विचारलं नाही. खाली जाऊन तूप आणलं, वात सारखी केली आणि मला पाटावर बसवलं. त्या वर्षानंतर कोजागरीच्या संध्याकाळी मी सहाला ऑफिस बंद करतो. अशिलांनाही आता माहीत झालंय.

दुधाचं काम म्हणजे दीड-दोन तास उभं राहणं. तीन लिटर, जाड बुडाचं पातेलं, मंद आच. उकळी आली की खरं काम सुरू होतं. साय धरली की ती उलथन्यानं हळूच कडेला ओढायची आणि कडेला चिकटवून ठेवायची, परत नवीन साय, परत कडेला. शेवटी दूध निम्म्यावर येतं आणि मग ती सगळी कडेची साय खरवडून आत सोडायची. साखर कमी, कारण आटल्यावर दूध आपलं आपण गोड होतं. केशर, वेलदोडा, चारोळी, आणि जायफळ किसणीवर चार वेळाच ओढायचं. पाचव्यांदा ओढलं की कडू होतं असं आई म्हणते आणि मी कधी ओढून बघितलेलं नाही. मग पातेलं गच्चीवर. मधोमध ठेवायचं, चंद्र त्यात दिसेल असं.

शेजारच्या माळवी भाभी याच रात्री सुई-दोरा घेऊन येतात. शरद पौर्णिमेच्या चांदण्यात सुईत दोरा ओवला की नजर चांगली राहते, अशी त्यांच्याकडची समजूत. त्यांच्यामुळे आमच्याकडेही सुरू झालं. सगळ्यांनी एकेकदा ओवायचा. गच्चीवरचे दिवे बंद करतो. सुरुवातीला काहीच दिसत नाही. हळूहळू डोळे सरावतात आणि सुईचं नाक आकाशासमोर धरलं की त्यातून एक बारीकशी उजेडाची रेघ आरपार दिसते. दोरा ओला करून टोक चिमटीत चपटं करायचं, श्वास रोखायचा आणि त्या रेघेत सोडायचा.

गेली दोन वर्षं आई ओवत नव्हती. "मला दोन चंद्र दिसतात," म्हणायची. आम्हाला वाटायचं, लेकीला हसवायला काहीतरी बोलते. लेक विचारायची, "आजी, दुधात पण दोन?" आणि ती म्हणायची, "दुधात चार." आम्ही सगळे हसायचो. यंदा जुलैमध्ये जिन्यात तिचा पाय चुकला तेव्हा तपासायला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा चांगलाच पिकलेला. मी सहज दोन चंद्रांचं बोललो, तर डॉक्टरांनी मान वर केली. भिंग गढूळ झालं की एका डोळ्यातसुद्धा उजेड फुटतो, एकाचे दोन-तीन दिसतात, हे नेहमीचं लक्षण आहे, असं ते म्हणाले. म्हणजे दोन वर्षं ती खरं तेच सांगत होती. मी रोज दुसऱ्यांच्या हिशेबातली एकेक ओळ तपासतो आणि घरातलं हे वाक्य मला ऐकू आलं नाही. याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

ऑगस्टमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, सप्टेंबरमध्ये डाव्याचं.

परवाच कोजागरी झाली. ओवाळून झालं, दूध झालं. दिवे बंद केले. भाभींनी ओवला, बायकोनं ओवला, लेकीनं पहिल्या फटक्यात ओवला. मी तीनदा चुकलो, चष्मा काढून चौथ्यांदा जमलं. आई खुर्चीत टेकून वर बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "एकच आहे."

कुणी काही बोललं नाही.

तिनं हात पुढे केला. मी सुईतून दोरा काढून दोन्ही तिच्या हातात दिलं. तिनं सुई उंच धरली, चंद्राच्या थोडी बाजूला, आणि एक डोळा मिटला. पहिल्यांदा दोरा नाकाच्या कडेवर आपटून वाकला. तिनं तो ओठांत धरला, परत चपटा केला. दुसऱ्यांदाही गेला नाही. लेक पुढे सरकली तर आईनं डाव्या कोपरानं तिला मागे सारलं. तिसऱ्यांदा दोरा आरपार गेला आणि तिनं पलीकडून टोक धरून वीतभर ओढून घेतलं.

मग दोऱ्याला गाठ मारली आणि मला म्हणाली, "तुझा तो निळा सदरा आण खालून. वरचं बटण कधीचं लोंबतंय."