सी शिकताना, आठवडा तिसरा: शून्य बाइटचा फोटो

सी या प्रोग्रामिंग भाषेतलं व्हेरिएबल, लूप, फंक्शन उरकलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. आधी दुसरी एखादी भाषा येत असेल तर दोन-चार संध्याकाळी पुरतात. ७ भागिले २ चं उत्तर ३ येतं, कारण दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांक. हसायचं आणि पुढे जायचं.

या आठवड्यात फाइल कॉपी करणारा प्रोग्राम लिहिला. एफगेटसीने एक बाइट वाचायचा, ईओएफ (‘फाइल संपली’ ही खूण) नसेल तर एफपुटसीने लिहायचा. वीसेक ओळी. टेक्स्ट फाइली झकास कॉपी झाल्या, मराठी मजकुराच्यासुद्धा. मग एक जेपेग फोटो दिला. कॉपी शून्य बाइटची!

वाचलेला बाइट मी कॅरमध्ये, म्हणजे एका बाइटच्या टाइपमध्ये ठेवत होतो. (त्याचा उच्चार ‘चार’ केला की आकड्याशी गल्लत होते, म्हणून मी कॅरच म्हणतो.) बाइट आहे तर कॅरच हवा, नाही का? पण एफगेटसी परत देतं ते इंट. बाइटच्या किमती ० ते २५५, म्हणजे २५६ शक्यता; ‘फाइल संपली’ ही २५७वी. ती एका बाइटात मावणार कुठे? म्हणून ईओएफ ऋण असतो, बहुतेक ठिकाणी -१. माझ्या लॅपटॉपवर कॅर साइन्ड, म्हणजे ऋण किमतीही ठेवणारा; त्यात २५५ कोंबला की त्याचा -१ होतो. आणि जेपेगचा पहिलाच बाइट २५५! प्रोग्रामच्या मते फाइल सुरू व्हायच्या आधीच संपली. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतल्या मजकुरात २५५ येतच नाही, म्हणून टेक्स्टच्या वेळी सगळं आलबेल.

गंमत म्हणून तोच कोड, न सुधारता, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर कंपाइल केला. तिथल्या लिनक्सवर कॅर अनसाइन्ड, म्हणजे ऋण किमती नाहीतच. आता उलटं: -१ चा २५५ झाला, तो ईओएफशी कधी जुळेना, लूप थांबेना. कंट्रोल-सी दाबेपर्यंत कॉपी भलतीच फुगली होती. फोटो संपल्यावर पुढे नुसते २५५.

कॅर साइन्ड की अनसाइन्ड, हे स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय. टाइप आधीच जाहीर करायला लावणारी भाषा असलं काही पकडेल, असं मी धरून चाललो होतो. कसलं काय! इंटचा कॅर ती मुकाट्याने करून देते. जीसीसी या कंपायलरला डब्ल्यू-ऑल हा इशारे दाखवायचा पर्याय देऊनही लॅपटॉपवर चकार शब्द नाही. डब्ल्यू-कन्व्हर्जन दिल्यावर मात्र नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

कॅरच्या जागी इंट केल्यावर दोन्हीकडे चालतंय. मूळ फोटो आणि कॉपी सीएमपी कमांडने ताडून पाहिले, फरक नाही.

पुढे पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारी व्हेरिएबल. दहा इंटांचा ॲरे (सलग ठेवलेली रांग) फंक्शनला दिला की आत साइझऑफ, म्हणजे बाइटांतला आकार, ४० ऐवजी ८ सांगतं, सध्या तिथे घुटमळतोय.